नदीचे पाणी सरोवरात कसे शिरते आणि कसे मिसळते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशावर नदीची निळी रेघ सरोवराच्या निळ्या ठिपक्यात जाऊन संपते. पुढे काय होते, हे नकाशा सांगत नाही. नदीचे पाणी सरोवरात गेले म्हणजे साखर दुधात विरघळावी तसे विरघळून गेले, असे बहुतेक जण धरून चालतात. पण नदीचे पाणी आधी आपल्या वजनाप्रमाणे जागा शोधते. मिसळण्याची वेळ नंतर येते, कधी काही तासांनी तर कधी काही महिन्यांनी. सरोवरातले मासे, शेवाळ, गाळ आणि त्याच सरोवरातून येणारे आपले पिण्याचे पाणी, या सगळ्यांचे भवितव्य या मधल्या काळात ठरत असते. म्हणून हे प्रश्न थोडे सविस्तर घेतले आहेत.

नदीचे पाणी सरोवरात शिरताच मिसळून जात नाही का?

नाही. मुखापाशी खळाळ असतो, तिथे थोडे मिसळते. पण खळाळ ओसरला की वेगवेगळ्या घनतेची दोन पाणी एकमेकांच्या वर-खाली शांतपणे राहू शकतात. खालचे जड पाणी वर आणायचे आणि वरचे हलके खाली दाबायचे, तर ऊर्जा लागते. ती कोणी पुरवली नाही तर पाण्याचे रेणू आपल्या गतीने जे काही सरकतील तेवढेच. ही गती फारच मंद आहे. अगदी स्थिर पाण्यात विरघळलेले मीठ नुसत्या रेणूंच्या हालचालीने एक मीटर पसरायला साधारण तीस वर्षे लागतात. उष्णता त्या मानाने चपळ, तरी तिलाही एका मीटरला अडीच-तीन महिने लागतात.

खरे सरोवर इतके स्थिर कधीच नसते. पण या आकड्यांवरून एक गोष्ट कळते: मिसळण्याचे काम ढवळण्याने होते, आणि ढवळणारे कोणीतरी लागते.

मग नदीचे पाणी नेमके कुठे जाते?

त्याला तीन वाटा असतात. सरोवराच्या वरच्या पाण्यापेक्षा हलके असेल तर ते पृष्ठभागावरच पसरते. सगळ्यांत जड असेल तर तळाच्या उताराने घसरत खाली जाते. आणि वरच्यापेक्षा जड पण तळाच्यापेक्षा हलके असेल, तर काही अंतर उतरून मध्येच थांबते आणि आपल्या तोडीच्या घनतेच्या पाण्यात आडवे घुसते. उन्हाळ्यात खोल सरोवरांत ही तिसरी वाट फार वेळा दिसते.

एकच नदी वर्षभरात तिन्ही वाटांनी जाऊ शकते. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या जिनिव्हा सरोवरात ऱ्होन नदी येते. हिमनद्यांचे वितळलेले पाणी घेऊन येणारी ही नदी उन्हाळ्यात थंड आणि गढूळ असते. तिचे पाणी बहुधा पृष्ठभागाखालच्या मधल्या थरात शिरते. मोठा पूर आला की तेच पाणी गाळाच्या भाराने तळाकडे झेपावते. या सरोवराची खोली सुमारे 310 मीटर आहे, हे लक्षात घेतले की ही झेप केवढी असू शकते याचा अंदाज येतो.

पाण्याच्या वजनात फरक असून असून किती असणार?

खरोखरच थोडा असतो, आणि मला या विषयातले सर्वांत मोठे नवल हेच वाटते. 15 अंश सेल्सिअसला एक घनमीटर शुद्ध पाण्याचे वजन सुमारे 999.1 किलो भरते, 22 अंशांना 997.8 किलो. हजार किलोमागे सव्वा-दीड किलो एवढाच फरक. पण पाण्यातले पाणी जवळपास तरंगतच असते, त्याला अडवणारे विशेष काही नसते. त्यामुळे एवढा फरकही अख्ख्या नदीला पृष्ठभागाखाली नेतो.

गाळाचा भारही याच हिशेबात धरायचा. लिटरमागे एक ग्रॅम गाळ असेल तर घनमीटरमागे सुमारे 0.6 किलो वजन वाढते. म्हणजे 22 अंशांच्या आसपासचे पाणी अडीच ते तीन अंशांनी थंड झाल्यासारखेच. पुराच्या पाण्यात याच्या कितीतरी पट गाळ असू शकतो, आणि मग पाणी कोमट असूनही बुडते. विरघळलेले क्षारही वजन वाढवतात, मात्र गोड्या पाण्याच्या सरोवरांत त्यांचा वाटा बहुधा कमी असतो.

नदीचे गढूळ पाणी सरोवरात एका रेषेवर अचानक संपते. ती रेषा कसली?

तिथे नदी बुडी मारते. नदीला वेग असतो, म्हणून ती सरोवराचे पाणी काही अंतर रेटत जाते. पुढे खोली वाढते, वेग कमी होतो, आणि एका जागी रेटा कमी पडून वजन वरचढ ठरते. तिथून नदी खाली जाते. वरून पाहणाऱ्याला एका बाजूला मातकट पाणी आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ निळे-हिरवे, मध्ये चाकूने कापल्यासारखी कड दिसते.

या रेषेवर लाकडाचे ओंडके, पाने, फेस आणि तरंगणारा कचरा साचलेला असतो. बुडणारी नदी आपल्याबरोबर सरोवराचे वरचे पाणीही ओढून नेते, म्हणून सरोवराच्या बाजूचे पाणी उलट नदीच्या दिशेने वाहत येते. दोन्हीकडून आलेले पाणी खाली जाते आणि तरंगणाऱ्या वस्तू मध्ये अडकून पडतात. काठावरच्या लोकांनी ही रेषा फार पूर्वीपासून ओळखली आहे. जिनिव्हा सरोवरावर तिला ‘बातायेर’ म्हणतात, आणि ऱ्हाइन नदी जिथे कॉन्स्टन्स सरोवरात बुडते त्या जागेला ‘ऱ्हाइनब्रेख’. शास्त्रज्ञांच्या आधी कोळ्यांनी या जागांना नावे दिली असणार असे मला वाटते, कारण जाळे कुठे टाकायचे हा प्रश्न त्यांचा होता.

बुडालेले पाणी तळापर्यंत पोचते का?

कधी पोचते, कधी वाटेतच थांबते. उतारावरून जाताना नदीचे पाणी आजूबाजूचे पाणी स्वतःत ओढून घेत जाते. त्यामुळे प्रवाह फुगतो, पातळ होतो, आणि सरोवराच्या पाण्याशी असलेला त्याचा फरक कमी होत जातो. फरक संपला की प्रवाह उतार सोडून आडवा होतो. तोवर त्यात नदीच्या मूळ पाण्याइतके, कधी त्याहून जास्त, सरोवराचे पाणी शिरलेले असते. नदीचे सरोवराशी पहिले खरे मिश्रण होते ते या उतरंडीवर, तेही कोणाच्या नजरेस न पडता.

गाळाच्या भाराने बुडालेल्या पाण्याची गत आणखी वेगळी. वाटेत वाळू आणि जाडा गाळ खाली बसतो, पाणी हलके होते. ते मुळात तळाच्या पाण्यापेक्षा कोमट असेल, तर आता ते तळ सोडून वर उचलले जाते. गाळ तळाशी राहतो आणि पाणी मधल्या थरात जाते.

तळाने जाणारा प्रवाह जोरदार असेल तर तो तळ कोरतोही. जिनिव्हा सरोवराच्या तळावर ऱ्होनच्या मुखापासून आत गेलेली पाण्याखालची घळ आहे. सरोवरशास्त्राचे जनक मानले जाणारे फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल यांनी 1880च्या दशकात या घळीचा संबंध नदीच्या थंड, गढूळ, तळाने जाणाऱ्या प्रवाहाशी जोडला. समुद्राच्या तळावरच्या दऱ्यांचे कोडे पुढे याच धाग्याने सुटत गेले. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरण बांधून 1935 मध्ये मीड जलाशय भरू लागला, तेव्हा वर पाणी निवळलेले असताना धरणाच्या खालच्या मार्गांतून गढूळ पाणी बाहेर आले. नदीचे पुराचे पाणी जलाशयाच्या तळाने धरणाच्या भिंतीपर्यंत चालत आले होते.

मधल्या थरात शिरलेल्या पाण्याचे पुढे काय होते?

ते चादरीसारखे पसरते. उन्हाळ्यात सरोवरात वर कोमट थर, खाली थंड थर आणि त्यांच्यामध्ये तापमान भराभर उतरणारा पट्टा असतो. या पट्ट्यात वर-खाली जाणे अवघड, आडवे जाणे सोपे. त्यामुळे नदीचे पाणी काही मीटर जाडीचा थर करून लांबवर जाते. मोठ्या सरोवरांत पृथ्वीच्या फिरण्याचाही परिणाम दिसतो. उत्तर गोलार्धात हा प्रवाह उजवीकडे वळू पाहतो आणि काठाला चिकटून जातो, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

गाळातले सगळ्यांत बारीक कण याच चादरीतून प्रवास करतात. दोन मायक्रॉनचा चिकणमातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला साधारण तीन दिवस घेतो. वाळू मुखापाशीच बसते आणि त्रिभुज प्रदेश घडवते. चिकणमाती मात्र सरोवराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते.

मग शेवटी मिसळते तरी कसे?

ढवळणारे मुख्यतः तिघे: वारा, थंडी आणि सरोवराच्या पोटातल्या लाटा.

वाऱ्याचे काम डोळ्यांना दिसते. थंडीचे काम तितकेच मोठे आहे, पण ते दिसत नाही. रात्री पृष्ठभागाचे पाणी गार होते, जड होते आणि खाली उतरते, त्याच्या जागी खालचे वर येते. वारा पडलेल्या रात्रीही ही घुसळण चालूच असते. उन्हाळा सरत जातो तशी ती रोज थोडी अधिक खोल जाते, आणि शेवटी मधला पट्टाच खाऊन टाकते. समशीतोष्ण प्रदेशातली अनेक सरोवरे त्या सुमारास वरपासून खालपर्यंत ढवळली जातात. उन्हाळ्यात मधल्या थरात अडकलेले नदीचे पाणी तेव्हा कुठे सगळ्या सरोवराचे होते.

तिसरी गोष्ट समजायला थोडी कठीण आहे. वारा एकाच दिशेने काही तास वाहिला की वरचा कोमट थर एका टोकाला ढकलला जातो आणि दुसऱ्या टोकाला थंड पाणी वर येते. वारा थांबला की दोन्ही थर झोपाळ्यासारखे झुलू लागतात. पृष्ठभाग जेमतेम काही सेंटिमीटर हलतो, पण आत थरांची सीमा दहा-दहा मीटर वर-खाली होऊ शकते. एक झोका पूर्ण व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. या लाटा उतरत्या काठांवर जाऊन फुटतात आणि खोल पाण्यातले बरेचसे मिश्रण तिथे, काठालगत घडते. सरोवराच्या मधोमध उपकरण टाकून बसलेल्यांना हे बराच काळ उमगले नव्हते.

पाणी सरोवरात किती काळ राहते?

सरोवराच्या घनफळाला वर्षाला बाहेर जाणाऱ्या पाण्याने भागले की सरासरी मिळते. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरासाठी ती 191 वर्षे आहे, ईरीसाठी 2.6 वर्षे, जिनिव्हासाठी अकरा-एक वर्षे.

ही सरासरी आहे, एवढे मात्र विसरू नये. सरोवर सतत पूर्ण ढवळलेले आहे असे मानले तरी तेवढा काळ गेल्यावर जुने पाणी संपत नाही, त्यातले 37 टक्के उरलेलेच असते. आणि सरोवर पूर्ण ढवळलेले नसतेच. नदीचे पाणी मधल्या थराने सरळ बाहेरच्या वाटेपर्यंत गेले तर काही आठवड्यांत निघून जाते, तर खोल तळाचे पाणी वर्षानुवर्षे हलत नाही. ‘अमुक वर्षांत सरोवर आपोआप स्वच्छ होईल’ असे कोणी सांगितले तर हे दोन्ही मुद्दे त्यांना जरूर विचारावेत.

कडाक्याच्या थंडीत, बर्फाखाली काय घडते?

इथे पाण्याचा एक विलक्षण गुण पुढे येतो. पाणी सर्वांत जड असते ते 4 अंशांना, शून्याला नव्हे. म्हणून हिवाळ्यात तळाशी 4 अंशांच्या जवळचे पाणी असते आणि शून्याजवळचे नदीचे पाणी त्यावर, बर्फाच्या लगेच खाली पसरते.

वसंतात आणखी गंमत होते. सरोवर अजून 2 अंशांवर असते, पण उथळ नदी लवकर तापून 8 अंशांवर आलेली असते. दोन्ही पाणी 4 अंशांच्या पाण्यापेक्षा हलकी. ती जिथे भेटतात तिथे मिश्रण 4 अंशांच्या जवळ जाते, दोघांपेक्षाही जड होते आणि बुडू लागते. मग काठाला समांतर एक उभा पडदा तयार होतो. रशियातल्या लाडोगा आणि उत्तर अमेरिकेतल्या ओंटॅरिओ सरोवरात तो कित्येक आठवडे टिकतो आणि हळूहळू आत सरकतो. तोवर नदीचे पाणी, त्यातल्या खतांसह आणि घाणीसह, काठालगतच कोंडलेले राहते.

उष्ण प्रदेशातल्या सरोवरांना हेच नियम लागू पडतात का?

नियम तेच, पण पारडे वेगळे झुकते. पाणी जितके उबदार, तितका एका अंशाचा फरक जास्त जड पडतो. 4 वरून 5 अंशांवर जाताना घनता जितकी बदलते, त्याच्या तीसपटीहून जास्त ती 29 वरून 30 वर जाताना बदलते. आफ्रिकेतले टांगानिका सरोवर सुमारे 1,470 मीटर खोल आहे. त्याच्या वरच्या आणि तळाच्या पाण्यात दोन-चार अंशांचाच फरक असतो, तरी थर कायम टिकतात आणि साधारण शंभर-दोनशे मीटरच्या खाली ऑक्सिजन नसतो. ‘इथे तर बारा महिने पाणी सारखेच कोमट, मग थर कसले?’ असा प्रश्न नेहमी येतो, त्याचे उत्तर या उदाहरणात आहे.

नदीतून येणारी खते आणि घाण यांचे काय?

पाणी कोणत्या वाटेने गेले, यावर सगळे अवलंबून असते. फॉस्फरस असलेले पाणी पृष्ठभागावर पसरले तर त्याला उजेड मिळतो आणि शेवाळ माजते. तेच पाणी खोल गेले तर लगेच काही दिसत नाही, पण त्याबरोबर गेलेले सेंद्रिय पदार्थ कुजताना तळाचा ऑक्सिजन संपवतात. उलट थंड, स्वच्छ नदी तळाला गेली तर ती ऑक्सिजन घेऊन जाते. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 25 अंशांच्या पाण्यात 8.3. खोल पाण्यातल्या माशांसाठी ही नदी म्हणजे श्वास.

ईरी सरोवराचे पश्चिमेकडचे टोक उथळ आहे आणि तिथे मॉमी नदी शेतीतला फॉस्फरस घेऊन येते. खोल जायला जागाच नाही. ऑगस्ट 2014 मध्ये तिथे नीलहरित शेवाळाचे विष टोलेडो शहराच्या पाण्यात आढळले आणि लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले.

पिण्याचे पाणी उचलताना याचा उपयोग होतो का?

फार होतो. पाणी उचलण्याच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या खोलीवर दारे ठेवतात ती याचसाठी. पूर आल्यावर नदीचे तापमान, गढूळपणा आणि विद्युतवाहकता मोजली, सरोवरातले थर माहीत असले, की ते पाणी कोणत्या खोलीवर येईल याचा अंदाज बांधता येतो. मग तेवढे दार बंद करून वरचे किंवा खालचे उघडायचे. नुसते पृष्ठभागाकडे पाहून ‘पाणी निवळ आहे’ म्हणणे धोक्याचे, कारण गढूळ चादर वीस मीटरवरून येत असू शकते.

धरणांत याच ज्ञानाने गाळही काढतात. तळाने येणारा गढूळ प्रवाह भिंतीपाशी पोचला की खालची दारे उघडायची, म्हणजे गाळ बसण्याआधी बाहेर जातो. चीनमध्ये पीत नदीवरच्या शाओलांगदी धरणात अशी पद्धत वापरली जाते.

खाऱ्या सरोवरात गोड्या पाण्याची नदी आली तर?

गोडे पाणी वर तरंगते, कारण मिठाच्या फरकापुढे तापमानाचा फरक काहीच नाही. मृत समुद्र हे याचे ठळक उदाहरण. जॉर्डन नदीच्या पाण्यामुळे तिथे वर कमी खारा थर टिकून होता आणि तळाचे पाणी शतकानुशतके वर आले नव्हते. नदीचे पाणी वळवले गेले, वरचा थर आटून खारट होत गेला, आणि 1979 च्या सुरुवातीला सगळा मृत समुद्र ढवळला गेला. पुढे 1991-92 च्या अतिपावसाच्या हिवाळ्यात गोडे पाणी भरपूर आले आणि थर पुन्हा काही वर्षे तयार झाले. नदीचे पाणी तोडले तर सरोवराची पातळी तर खाली जातेच, पण त्याची आतली घडीही मोडते.

हवामान तापल्याने काय बदलते आहे?

वरचा थर अधिक तापतो, थंडी सौम्य होते, त्यामुळे थर फोडणे अवघड होते. जिनिव्हा सरोवर 2012 च्या हिवाळ्यात तळापर्यंत पूर्ण ढवळले, त्यानंतर कित्येक हिवाळे तसे घडले नाही. अशा वेळी पुराच्या पाण्याने तळाला पोचणारा ऑक्सिजन अधिक मोलाचा ठरतो. पण वरच्या अंगाला धरणे बांधली की गाळ तिथेच अडतो, पाणी हलके होते आणि तळापर्यंत जाणारे प्रवाह कमी होतात. सरोवराची काळजी घेणाऱ्यांनी नदीच्या वरच्या अंगाकडेही पाहायला हवे, असे मी कळकळीने म्हणतो ते यामुळे.

नदीच्या मुखापाशी पोहावे का?

टाळावे. कोमट पाण्याच्या हातभर खाली बर्फगार प्रवाह असू शकतो, आणि त्रिभुज प्रदेशाची कड पाण्याखाली एकदम तुटलेली असते.

पाणी कुठे गेले हे कळते कसे?

नदीच्या पाण्याची ओळख शोधून. तापमान, विद्युतवाहकता आणि गढूळपणा मोजणारे उपकरण दोरीने तळापर्यंत सोडले की प्रत्येक थराची खूण मिळते. कधी नदीत निरुपद्रवी चमकता रंग सोडून त्याचा माग काढतात. ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाणही उपयोगी पडते, कारण उंच डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यात ते वेगळे असते.

हे घरी पाहता येईल का?

येईल, आणि जरूर पाहा. काचेचे लांबट भांडे घ्या. त्यात अर्ध्यापर्यंत चांगले खारट पाणी भरा. वर एक पातळ लाकडी फळी तरंगत ठेवून तिच्यावर अगदी हळू साधे पाणी ओता, म्हणजे दोन थर होतील. आता थोडेसे मीठ घातलेले पाणी रंगवून घ्या, खालच्यापेक्षा कमी आणि वरच्यापेक्षा जास्त खारट. भांड्याच्या एका टोकाला तिरकी पट्टी टेकवून तिच्यावरून ते धारेने सोडा. रंगीत पाणी पट्टीवरून घसरत येईल, दोन थरांच्या सीमेशी थबकेल आणि मग उतार सोडून भांड्याच्या दुसऱ्या टोकाकडे आडवे निघेल. ढवळू नका. भांडे सावलीत, कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. रंगाचा पट्टा तिथेच असेल, फक्त त्याच्या कडा सेंटिमीटरभर पुसट झालेल्या असतील.